सुरांची रफूगरी

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. विणलेले कापड उसवता येते, पण मिसळलेला रंग वेगळा करता येत नाही. ताणा-बाणा सोडवायचा असेल तर सुई आणि भिंग घेऊन बसावे, धागा हाती लागतो. लाल आणि पिवळा एका हौदात पडून नारंगी झाला, की त्यातला लाल परत बाजूला काढून देणारा रंगारी मात्र आम्ही पाहिलेला नाही.

गाण्याचे रेकॉर्डिंग हे अशाच रंगाच्या हौदासारखे असते, असा सर्वांचा समज होता. पेटी, सारंगी, तबला, गवयाचा गळा, सर्व एकदा एका फितीवर उतरले की एक झाले. खिम्याचे पुन्हा गोश्त होत नाही. हा समज आमच्यासारख्या बाहेरच्यांचाच नव्हता, स्टुडिओत उभी हयात घालवलेल्या उस्तादांचाही होता. मार्च 2008 मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात वाद्यांचे जे मोठे प्रदर्शन भरले, तिथे म्युनिकच्या एका छोट्या कंपनीने तो खोटा ठरवला. कंपनीचे नाव सेलेमनी आणि तिच्या सॉफ्टवेअरचे नाव मेलोडाइन. गिटारवर एकाच वेळी छेडलेल्या तारांचे रेकॉर्डिंग या सॉफ्टवेअरला दिले, तर त्यातला प्रत्येक सूर ते पडद्यावर सुटा मांडते. मग त्यातला हवा तो सूर धरावा, वर न्यावा, खाली आणावा, लांबवावा किंवा पुसून टाकावा. शेजारच्या सुराला धक्का लागत नाही.

वाचक बंधू म्हणतील, व्यापाराच्या पानावर गाण्याबजावण्याचे काय काम? काम आहे. ही करामत करणारा माणूस मुळात वाद्ये घडवणारा कारागीर आहे. आणि त्याच्या या हुन्नरामुळे जो सवाल उभा राहिला, तो आपल्या बाजारात रोज उठतो. रफू केलेला माल गिऱ्हाइकाला सांगून विकायचा, की न सांगता?

हा विषय आमच्यापर्यंत आला तो एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलामुळे. मंगलदास मार्केटमधल्या आमच्या गाळ्यावर हे गृहस्थ लग्नसराईला नेमाने येतात. त्यांचा मुलगा रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरीला. आम्ही विचारले, ‘बेटा, तिथे नेमके करतोस काय?’ तर म्हणाला, ‘चाचा, दिवसभर लोकांचे सूर सरळ करतो.’ आम्हाला वाटले मस्करी करतोय. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि कापडाच्या तागांवरच मांडला.

पडद्यावर आडव्या रेघा होत्या, पेटीच्या पट्ट्यांसारख्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक सूर. त्या रेघांवर कुठे जाड, कुठे बारीक, असे लांबट ठिपके पसरलेले. प्रत्येक ठिपका म्हणजे गवयाने लावलेला एक सूर. जितका वेळ सूर टिकला तितका ठिपका लांब, जितका जोर तितका जाड. ठिपक्याच्या पोटातून एक बारीक नागमोडी रेघ जात होती. गळा कुठे थरथरला, एका सुरावरून दुसऱ्यावर कसा घसरत गेला, ते त्या रेघेत दिसत होते. आम्ही पाहिले ते एका गाणाऱ्याचे होते. एक ठिपका रेघेच्या थोडा खाली लोंबकळत होता. मुलाने तो बोटाने वर सरकवला. पुन्हा वाजवले. बेसूर गेलेली जागा सुरात आली होती. आवाज त्याच माणसाचा, श्वासही त्याचाच.

आम्हाला त्या क्षणी नजीबाबादचे रफूगर आठवले. पश्मिना शालीला भोक पडले तर अस्सल रफूगर बाजारातून नवा धागा आणत नाही. त्याच शालीच्या काठातून, जिथे नजर जात नाही अशा जागेतून, धागा ओढून घेतो आणि त्याच विणीत भरतो. म्हणून ते रफू दिसत नाही. या सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. ते नवा सूर बाहेरून आणून चिकटवत नाही. त्याच गळ्यातून निघालेला धागा जागा बदलून बसवते.

वीण कशी सोडवतात

आता हे होते कसे, ते जेवढे आम्हाला समजले तेवढे सांगतो. पेटीची एक पट्टी दाबली आणि ती सेकंदाला 240 कंपने देते असे धरा. हा आपला सा. कान म्हणतो, एकच सूर वाजला. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर 480, 720, 960, 1200 अशी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनेही बारीक आवाजात निघत असतात. गाण्यातले जाणकार यांना स्वयंभू स्वर म्हणतात. तंबोरा नीट मिळाला की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो म्हणतात, तो यातलाच पाचपटीचा. बासरी बासरीसारखी आणि सारंगी सारंगीसारखी का वाजते, तर या स्वयंभू स्वरांचे प्रमाण प्रत्येक वाद्यात वेगळे असते. सूर म्हणजे एक धागा नव्हे, अनेक पदरांचा पीळ दिलेला दोरा आहे.

कुठल्याही आवाजातली अशी कंपने मोजून वेगळी लिहून काढण्याचे गणित जुने आहे. फूरिए नावाच्या फ्रेंच विद्वानाने 1822 साली उष्णतेवर ग्रंथ लिहिला, त्यात ते आहे. 1965 साली कूली आणि टुकी या दोन अमेरिकी गणितज्ञांनी ते संगणकावर झपाट्याने करण्याची रीत छापली. म्हणजे पदर मोजणे कठीण नव्हते. कठीण होते ते कुठला पदर कुठल्या दोऱ्याचा हे ओळखणे.

उदाहरण घ्या. सा बरोबर पंचम वाजवला. पंचमाची कंपने 360. त्याची दुप्पट 720, तिप्पट 1080. पण 720 तर सा च्या तिपटीतही येते! म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये 720 ची जी रक्कम जमा दिसते, ती भागीदारीतली आहे. त्यात सा चा हिस्सा किती आणि पंचमाचा किती, हे खातेवहीत लिहिलेले नाही. याहून अवघड म्हणजे सा बरोबर वरचा सा, 480 चा. त्याची 480, 960, 1440 ही सगळीच कंपने खालच्या सा च्या घरात आधीच राहायला आहेत. वरचा सूर खालच्याच्या पोटात अख्खा लपतो. तो वाजला की नाही हेच आधी ठरवावे लागते.

मग हिस्सा ठरवायचा कसा? आपण भागीदारीचा वाद सोडवताना करतो तसाच, आजूबाजूचा पुरावा पाहून. एका सुराचे सगळे पदर एकाच क्षणी सुरू होतात, साधारण एकत्र विरत जातात. गळा थरथरला तर सगळे एकाच प्रमाणात थरथरतात. सा चे 480 आणि 960 किती जोराचे आहे त्यावरून त्याच्या 720 चा अंदाज बांधता येतो, उरले ते पंचमाचे. हा झाला ढोबळ हिशेब. कंपनीची खरी रीत याहून पुष्कळ बारीक आहे, आणि तिचे पेटंट घेतलेले आहे. सॉफ्टवेअर आधी पूर्ण रेकॉर्डिंग तपासते, मग आपला अंदाज पडद्यावर मांडते. तो चुकलाही असू शकतो. म्हणून कारागिराने कान लावून बघायचे, खोटा सूर दिसला तर काढायचा, राहून गेलेला असेल तर दाखवून द्यायचा. माणसाच्या कानाला सुट्टी नाही.

एक मर्यादाही इथेच सांगून ठेवतो, कारण बाजारात याविषयी फुशारक्या फार चालतात. मेलोडाइन सूर वेगळे करते, वाद्ये नव्हे. पेटी आणि सारंगी दोघांनी एकाच वेळी तोच सूर लावला, तर पडद्यावर ठिपका एकच येतो. गिटार किंवा पियानो एकटा असेल तर काम नामी होते. पंचवीस वाद्यांचा ताफा, ढोलक, टाळ्या आणि वर गाणारा, असे सगळे एकत्र असेल तर ते गोंधळते.

गिटार घडवणारा माणूस

पीटर नॉयबॅकर हे त्या माणसाचे नाव. जन्म 1953 चा. विद्यापीठातला संगणकशास्त्रज्ञ म्हणून तो पुढे आला नाही. गिटार घडवण्याचे काम शिकलेला, स्वतः वाजवणारा, आणि सूर व आकडे यांचे नाते काय या विचारात बुडालेला. कंपनीच आपल्या मूळ कथेत सांगते की सुरुवात एका विचित्र प्रश्नापासून झाली: दगडाचा आवाज कसा असेल? अशा प्रश्नाला धंद्यात काडीची किंमत नसते. असा सवाल घेऊन कोणी आमच्या गाळ्यावर आला असता तर आम्ही चहा पाजून वाटेला लावला असता, हे कबूल करतो.

पण त्या प्रश्नाच्या मागे लागून तो अशा जागी पोचला जिथे जाणकार पोचले नव्हते. जुन्या फितीचे सर्वांना ठाऊक आहे. कॅसेट जोरात फिरवली की गाणे लवकर संपते आणि गवयाचा आवाजही चिमणीसारखा होतो. वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले. नॉयबॅकरने आवाजाकडे फीत म्हणून पाहिलेच नाही. वाद्य घडवणाऱ्याला लाकूड, तार आणि पोकळी वेगवेगळ्या दिसतात, तशा त्याला आवाजात उंची, लांबी, जोर आणि गळ्याची घडण या चार वेगळ्या गोष्टी दिसल्या, आणि एकीला हात लावताना बाकीच्या तशाच ठेवण्याची रीत त्याने शोधली. 2000 साली दोन साथीदारांबरोबर कंपनी काढली. जानेवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात व्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात पहिले मेलोडाइन मांडले. ते फक्त एकेरी सुराचे होते, म्हणजे एक गळा किंवा एक बासरी. एकत्र वाजणारे सूर सुटे करायला आणखी सात वर्षे लागली.

तोपर्यंत बाजारात दुसरा माल होताच. अँडी हिल्डेब्रँड नावाचे अमेरिकी गृहस्थ तेलाच्या शोधात जमिनीत धमाके करून त्याचे पडसाद मोजण्याच्या धंद्यात होते. तेच गणित गळ्याला लावून त्यांनी 1997 साली ऑटो-ट्यून आणले. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात ते इतके जोरात चालवले गेले की आवाज यंत्रासारखा तुटक झाला, आणि लोकांना तोच आवडला. आमच्या मते दोन्हींतला फरक इस्त्री आणि सुईचा आहे. ऑटो-ट्यून मुख्यतः वाहत्या आवाजावर फिरते आणि सुरकुत्या बसवते. मेलोडाइनमध्ये एकेका टाक्याशी बसावे लागते.

फ्रँकफुर्टला मार्च 2008 मध्ये जेव्हा एकत्र सूर सुटे करून दाखवले, तेव्हा जाणकारांचा प्रथम विश्वास बसेना. त्यांच्या अडचणीचे कारण साधे आहे. सा, गंधार, पंचम एकदम वाजले आणि त्यातला फक्त गंधार अर्धा सूर उतरवून कोमल केला, की हसरी झंकार उदास होते. वाजवणाऱ्याने वाजवून झाल्यावर, रेकॉर्डिंग संपल्यावर, तो भाव बदलणे म्हणजे शिंप्याने शिवलेला कुर्ता न उसवता आतला अस्तर बदलण्यासारखे. तरी माल हातात पडायला गिऱ्हाइकांना 2009 ची अखेर पहावी लागली. दीड वर्षाहून अधिक वाट पहायला लावून गिऱ्हाईक टिकवणे हे आपल्याकडे कोणाला जमेल असे वाटत नाही. 2012 साली अमेरिकेच्या ग्रॅमीवाल्यांनी कंपनीला तंत्रज्ञानासाठीचा पुरस्कार दिला.

विक्रीची त्यांची पद्धतही पाहण्यासारखी आहे. माल चार दर्जांत विकतात. सर्वांत खालचा दर्जा पुष्कळदा दुसऱ्या कंपन्यांच्या सामानाबरोबर जोडून दिला जातो, म्हणजे नमुना घरोघर पोचतो. एकत्र वाजणारे सूर सुटे करण्याची करामत मात्र वरच्या दोन दर्जांतच आहे. नमुन्याची चटक लागलेला माणूस आपसूक वर चढतो. साडीच्या दुकानात आधी सुती दाखवून मग गिऱ्हाइकाला पैठणीकडे नेणाऱ्या आमच्या सेल्समनला हे सांगितले तर तो हसला.

ताडदेव ते लॅपटॉप

मुंबईत या सगळ्याचा हिशेब वेगळा लागतो. पूर्वी हिंदी चित्रपटाचे गाणे ताडदेवच्या फिल्म सेंटरला, वांद्र्याच्या मेहबूबला किंवा महालक्ष्मीच्या फेमसमध्ये ध्वनिमुद्रित व्हायचे. गाणारा, व्हायोलिनवाल्यांची रांग, ढोलक, पेटी, सगळे एका छताखाली एकाच वेळी. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या उस्तादांनी लिहिलेल्या सुरावटी समोर ठेवून लोक वाजवत. एकाचा हात चुकला की पहिल्यापासून सगळे पुन्हा. म्हणून चुका न करणाऱ्याला मान होता आणि मेहनतानाही होता. पुढे फितीवर अनेक पट्टे आले, एकेकाचे वेगळे घेता येऊ लागले. 1992 साली ए. आर. रहमान यांचा ‘रोजा’ आला आणि चेन्नईतल्या घरच्या स्टुडिओत, संगणक आणि कीबोर्डच्या बळावर काय होऊ शकते ते सर्वांनी पाहिले. शतक संपेपर्यंत शंभर माणसांच्या त्या बैठकी जवळजवळ मोडल्या.

तेव्हा व्हायोलिनवाल्यांची रोटी मेलोडाइनने हिसकावली असे म्हणणे खरे नाही. ती आधीच गेली होती. मेलोडाइनने जे घेतले ते वेगळे आहे. त्याने पुन्हा गाण्याची गरज घेतली. आमच्या गिऱ्हाइकाचा मुलगा सांगतो, गायक दोन-तीनदा गाऊन निघून जातात, बाकीचे काम रात्री तो करतो. गाण्यामागे ठरलेले पैसे मिळतात. दिवसाला एक-दोन गाणी होतात. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव क्वचितच छापतात. रफूगराचे नाव शालीवर कोणी विणतो काय, असे आम्ही म्हणालो तेव्हा तो म्हणाला, ‘पण चाचा, रफूगराला निदान लोक रफूगर म्हणतात. मला विचारले तर सांगावे लागते की गाणे मुळातच असे होते.’

या एका वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला.

आपल्या संगीताची आणखी एक अडचण आहे, ती त्याने दाखवली. सॉफ्टवेअरला सांगितले की सगळे सूर बरोबर करून टाक, तर ते पेटीच्या बारा पट्ट्यांवर सगळे नेऊन बसवते. पण आपला गवई एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातो. मधली जागा हीच तर त्याची कमाई. पेटीला ती मधली जागा दाखवता येत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने 1940 पासून 1971 पर्यंत पेटी वर्ज्य केली होती. मेलोडाइनमध्ये पाश्चात्त्य बारा सुरांखेरीज दुसरी स्वरमांडणी बसवता येते, रेकॉर्डिंगमधूनच गवयाचे स्वरस्थान उचलताही येते. सोय आहे. पण घाईत कोण ती वापरतो? एक कळ दाबली की काम होते, म्हणून पुष्कळांच्या मींडी इस्त्रीखाली जातात.

भाईजानची कॅसेट

आमच्याकडे 1988 सालची एक कॅसेट आहे. भिवंडीला घरच्या लग्नात मैफल झाली होती. त्यात आमच्या थोरल्या भाईजाननी एक गझल गायली. ते काही गवई नव्हते. साइझिंगचा व्यवसाय होता, यंत्रमागांच्या आवाजात उभा जन्म गेला, तरी गळा गोड होता. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचा आवाज म्हणून घरात एवढे एकच चीज उरले आहे. टेपरेकॉर्डर कोणीतरी पेटीजवळ ठेवला होता, त्यामुळे पेटी मोठी आणि भाईजान मागे. वर छताचा पंखा.

मुलगा म्हणाला, बघू या. हे मेलोडाइनचे एकट्याचे काम नाही असे त्याने आधीच सांगितले. गळा आणि वाद्ये वेगळी करणारी दुसरी सॉफ्टवेअरे अलीकडे आली आहेत. ती पदर मोजून हिशेब करत नाहीत, तर हजारो गाण्यांवरून गळा कसा असतो आणि ढोल कसा असतो ते संगणकाला आधी शिकवून ठेवलेले असते. पॅरिसच्या डीझर कंपनीने नोव्हेंबर 2019 मध्ये असे एक सॉफ्टवेअर, स्प्लीटर नावाचे, सर्वांना फुकट खुले केले. याच जातीच्या तंत्राने बीटल्स या इंग्रज मंडळींचे ‘नाउ अँड देन’ गाणे 2 नोव्हेंबर 2023 रोजी बाहेर आले. जॉन लेनन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गायलेली ती कॅसेट होती. 1995 साली साथीदारांनी ती पुरी करण्याचा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला, कारण पियानो गळ्यावर चढत होता. लेनन 1980 मध्ये गेले, जॉर्ज हॅरिसन 2001 मध्ये. 2023 मध्ये यंत्राने गळा अलगद बाहेर काढला.

भाईजानच्या कॅसेटचे इतके साफ झाले नाही. पंखा बराच गेला. तबला गेला. पेटी मात्र पूर्ण सुटेना, कारण पेटीवाला भाईजानच्या प्रत्येक सुरामागे तोच सूर धरत होता. एकच सूर दोघांचा, भागीदारीचा तोच वाद. काही ठिकाणी पेटी काढताना भाईजानच्या आवाजाचा काठही थोडा फाटला. तरी गझल ऐकू आली, शब्द कळले. एका ओळीच्या आधी ते हळू आवाजात कोणाला तरी ‘चाय ठेवा तिथे’ म्हणतात, ते पस्तीस वर्षांत आम्हाला प्रथमच ऐकू आले.

मग मुलाने त्यांचा गळा मेलोडाइनमध्ये घातला. कॅसेट मुळातच थोडी मंद फिरलेली, तिचा वेग आधी ठीक केला. वरच्या षड्जाला जाताना भाईजानचा सूर एका जागी पाव सुराच्या आसपास कमी पडत होता. दोनदा आले, दोन्हीदा कमी. त्याने ते ठिपके वर सरकवले. बरोबर झाले. आम्ही ती दुरुस्त प्रत घरी नेली आणि भाभींना ऐकवली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. ती जागा आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, ‘हे कोणी गायले? ते तिथे नेहमी कमीच पडायचे.’

आम्ही मुलाला ते ठिपके होते तिथे ठेवायला सांगितले. त्याने दोन मिनिटांत ठेवून दिले. हीच या मालाची खुबी आहे म्हणाला, मूळ रेकॉर्डिंग खाली तसेच असते.

विकताना काय सांगावे

घरची कॅसेट ही घरची बाब झाली. बाजारात उतरले की हिशेब बदलतो. आपल्याकडे हातमागाच्या कापडाला 2006 पासून हँडलूम मार्क आहे. यंत्रमागावरचा माल हातमागाचा म्हणून खपवणारे आजही आहेत, पण निदान विचारायला एक खूण आहे. गाण्यावर अशी खूण नाही. तयार कपडे घेताना गिऱ्हाईक लेबल वाचून सुती किती आणि पॉलिएस्टर किती ते पाहते, गाणे ऐकताना गळा किती आणि सुई किती हे त्याला कळत नाही. रफू करणे हा गुन्हा नव्हे. रफूची शाल साबूत म्हणून त्याच भावात विकणे याला मात्र आमच्या बाजारात दुसरा शब्द आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. जुन्या गाण्यातला गळा सुटा काढून त्यावर नवा ठेका चढवणे, किंवा गळा काढून टाकून उरलेली वाद्ये लग्नाच्या ऑर्केस्ट्राला विकणे, हे आता एका खोलीत बसून होते. नव्वदच्या दशकात झंकार बीट्सच्या कॅसेट आल्या होत्या, तेव्हा गळा वेगळा काढता येत नव्हता म्हणून जुन्या गाण्याच्या डोक्यावरच ढोल बडवायचे. आता तसे करावे लागत नाही. पण हत्यार बदलले म्हणून कायदा बदललेला नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे चालतो. रेकॉर्डिंग साठ वर्षांहून जुने असले तरी चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा असतो, तो संगीतकार आणि कवी यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे राहतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचाही पन्नास वर्षांचा हक्क आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने आपल्या कलेची मोडतोड करून बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार त्याला मिळाला आहे. मुंबई हायकोर्टाने जुलै 2024 मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली, त्यावरून वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळते. आमचे जे बांधव मोबाइलच्या दुकानात गाणी भरून देतात किंवा मंडपाचा साउंड चालवतात, त्यांनी ‘आम्ही तर फक्त गळा काढला’ या भरवशावर राहू नये. काढलेला धागाही त्याच कापडाचा असतो.

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत त्यांच्यासाठी त्या मुलाने सांगितलेले तेवढे सांगतो. कॅसेट बरीच वर्षे पडून असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी. प्लेअरचे हेड स्पिरिटने पुसावे. सर्वांत आधी जशीच्या तशी, पंख्यासकट, संगणकावर वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्यावी, एमपी3 मध्ये नको, कारण एमपी3 करताना जे बारीक पदर गळून जातात तेच पुढे धागा शोधायला लागतात. त्या मूळ प्रतीला कोणी हात लावायचा नाही, सगळी कारागिरी दुसऱ्या प्रतीवर. आमच्या कॅसेटची मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवली आहे. मुलाने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे कापड आमच्याकडून गेले, ते आम्ही खरेदीच्या भावात दिले.